सात ठिकाणी जबाबदार

नऊ वर्षं एका सट्ट्याच्या कंपनीने मला पगार दिला, आणि तो लोकांना 'जरा कमी खेळा' असं सांगण्यासाठी दिला. हे मी आजवर अनेकांना समजावून सांगितलं आहे. सासूबाईंना तीन वेळा. शेवटी त्यांनी नाशिकच्या नातेवाइकांत 'आमची वंदना तिकडे बँकेत असते' असं जाहीर करून विषय मिटवला. लग्नाआधी मी खरंच बँकेत होते. म्हणजे ते खोटं नव्हतं, फक्त शिळं होतं.

इथे इंग्लंडात सट्टा कायदेशीर आहे. हाय स्ट्रीटवर केमिस्टच्या शेजारी सट्ट्याचं दुकान असतं, आणि आता ते दुकान फोनमध्ये आलं आहे. परवाना देणाऱ्यांची अट अशी, की एखादं गिऱ्हाईक वाहवत चाललंय असं दिसलं तर कंपनीने त्याच्याशी बोललं पाहिजे. ते बोलण्याचं काम आमचं. रीडिंग शहरात मोटरवेजवळच्या एका बिझनेस पार्कात, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही चौदा जण कानाला हेडसेट लावून बसायचो. पहिल्या मजल्यावर मार्केटिंग होतं. ते लोकांना 'या, खेळा' असे मेसेज पाठवायचे, आणि जे लोक ते फारच मनावर घ्यायचे त्यांना वरून आम्ही फोन करायचो. लिफ्ट दोघांना मिळून एकच होती.

माझ्याकडे अमेरिकन फुटबॉल आला तो अज्ञानामुळे. आमचा मॅनेजर गॅरेथ, वेल्सचा, स्वभावाने चांगला आणि बिस्किटांच्या बाबतीत उदार. त्याने विचारलं, "व्हॅन, तुला अमेरिकन फुटबॉल कळतो?" माझं नाव त्यांच्याकडून वंदनावरून व्हॅनवर आलं होतं. मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "ब्रिलियंट. म्हणजे तू मॅचबद्दल गप्पा मारत बसणार नाहीस."

नऊ वर्षांत मला तो खेळ जेवढा कळला तेवढा सांगते. दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा जण हेल्मेटं घालून समोरासमोर वाकून उभे राहतात, चार-पाच सेकंद एकमेकांवर आदळतात आणि थांबतात. मग उभं राहून विचार करतात. मग परत आदळतात. घड्याळात एक तासाचा खेळ, पण संपायला तीन तासांच्या वर लागतात. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही, कारण दर चेंडूनंतर उभं राहून विचार करणारी माणसं आपण लहानपणापासून बघत आलोय. सट्ट्याच्या ॲपला तर हे थांबणं फारच सोयीचं. प्रत्येक थांब्याला नवा प्रश्न: आता चेंडू फेकतील की घेऊन पळतील? दहा यार्ड होतील की नाही? माणूस एका सामन्यावर एक पैज लावायला बसतो आणि उठतो तेव्हा चाळीस लावून झालेल्या असतात. इथे पहिले सामने रविवारी संध्याकाळी सहाला सुरू होतात. चहा होऊन गेलेला, जेवण व्हायचंय, दुसऱ्या दिवशी ऑफिस. माणूस कशालाही हो म्हणतो अशी ती वेळ असते.

जबाबदारीने खेळायची साधनं ॲपमध्येच असतात. आठवड्याला किती पैसे भरायचे याची लिमिट लावता येते. ती कमी केली की लगेच लागू होते, वाढवायची तर चोवीस तास थांबावं लागतं. दर अर्ध्या तासाने 'तुम्ही किती वेळ खेळताय' असं सांगणारा रिमाइंडर लावता येतो. काही आठवडे सुट्टी घेता येते. आणि अगदीच वाटलं तर एक देशभराची यादी आहे. तीत आपणच आपलं नाव घालायचं. मग परवाना असलेली प्रत्येक कंपनी आपल्याला दार बंद करते.

कोणाला फोन करायचा ते कॉम्प्युटर सांगायचा, आणि कॉम्प्युटरला माणसं कळत नाहीत. एकदा त्याने मिसेस प्रिचर्ड यांचं नाव लाल केलं, कारण त्यांचं ॲप रविवारी सलग नऊ तास उघडं असायचं. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. मी काळजीच्या आवाजात विचारलं, तर त्या म्हणाल्या, "माय डिअर, तो टॅब्लेट मी रेसिपीच्या पुस्तकाला टेकवून ठेवते, नाहीतर पुस्तक मिटतं." त्या दर आठवड्याला एक पाउंड लावायच्या, ज्या शहरातली नदी मोठी त्या टीमवर. शेजारच्या दोघी मैत्रिणींना, मुलाला, पोस्टमनला, सगळ्यांना त्यांची टीम माहीत असायची. हरल्या की पोस्टमन सांत्वन करायचा.

दुसरे एक गृहस्थ दर सोमवारी सकाळी आपली लिमिट एक पाउंडावर आणायचे आणि दर गुरुवारी फोन करून ती वाढवा म्हणून भांडायचे. मी चोवीस तासांचा नियम सांगितला की म्हणायचे, "ही मूर्ख लिमिट लावली कोणी?" मी म्हणायचे, "आपणच, सर." सोमवारच्या गृहस्थांची आणि गुरुवारच्या गृहस्थांची ओळख करून द्यावी असं मला फार वाटायचं. पण स्क्रिप्टमध्ये तशी सोय नव्हती.

स्क्रिप्ट म्हणजे आमचे ठरलेले प्रश्न. ते सोडून बोलायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. आणि बोलायचं ते इंग्रजीतच, कारण प्रत्येक फोन रेकॉर्ड व्हायचा आणि क्वालिटीची माणसं ते ऐकून मार्क द्यायची. नऊ वर्षांत हे तिन्ही नियम मी एकाच शनिवारी सकाळी मोडले. ती गोष्ट सांगते. यातली नावं आणि खुणा मी बदलल्या आहेत.

त्या वर्षी सीझन सुरू होण्याआधी मार्केटिंगची मंडळी लिफ्टने वर आली. त्यांना पोस्टर काढायचं होतं. आमचं एक खरं गिऱ्हाईक, हसरा चेहरा, आणि खाली वाक्य: 'कधी थांबायचं ते मी ठरवतो.' त्यासाठी एक आदर्श गिऱ्हाईक शोधून द्या, म्हणाले. कॉम्प्युटरने शोधून दिलं. श्रीरंग, वय छत्तीस, ब्रिस्टल, विमानांच्या कंपनीत इंजिनियर. दोन वर्षांत लिमिट एकदाही वाढवली नव्हती. अर्ध्या तासाचा रिमाइंडर आला की हा माणूस खरोखर ॲप बंद करायचा. लोक तो रिमाइंडर डास मारावा तसा बोटाने उडवतात. दोन वर्षं प्रत्येक वेळी तो पाळणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

"हा तुमच्याकडचा दिसतोय," गॅरेथ म्हणाला. "ओळखीचा असेल तर फोन दुसऱ्याला देतो."

मी म्हटलं, ओळखीचा नाही. ब्रिस्टलला मी एकदाच गेले होते, पूल बघायला.

शनिवारी अकराच्या सुमाराला मी फोन लावला. आवाज शांत, सभ्य. मी इंग्रजीत आमचे प्रश्न विचारत गेले आणि तो इंग्रजीत उत्तरं देत गेला. मॅचच्या आधी बजेट ठरवतो. हरलेलं परत मिळवायच्या मागे लागत नाही. उसने पैसे घेऊन खेळत नाही. मी प्रत्येकापुढे टिक करत होते. पाचवा प्रश्न होता, 'खेळ तुमच्या ताब्यात आहे असं तुम्हाला वाटतं का?' तो विचारला आणि पलीकडे कुकरची शिट्टी झाली. पाठोपाठ बाईचा आवाज आला, मराठीत.

"कोणाचा फोन रे?"

त्याने फोनवर हात ठेवला असणार. पण हल्लीच्या फोनांवर हात नेमका कुठे ठेवायचा ते कोणालाच माहीत नसतं. मला स्वच्छ ऐकू आलं.

"बँकेचा. लोनचं बोलतायत."

"अगंबाई, शनिवारी? मग विचार ना, कुठवर आलंय आपलं."

"विचारतोय."

मग तो माझ्याकडे परत आला. "सॉरी अबाउट दॅट. येस, आय ॲम व्हेरी मच इन कंट्रोल."

सहावा प्रश्न होता, 'पोस्टरवर तुमचा फोटो छापायला हरकत नाही ना?' तो माझ्यासमोर स्क्रीनवर होता. मी तो वाचला. मग मराठीत म्हणाले, "मी बँकेतून नाहीये हो."

पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली. मग दार, मग पायऱ्या, मग गाडीचं दार बंद झाल्याचा आवाज. तो घरातून उठून गाडीत जाऊन बसला होता.

"तुम्ही मराठी आहात?"

"नाशिकची."

"ताई, मी लिमिटमध्ये खेळतो. तुम्हाला दिसत असेल सगळं."

"आमच्याकडे फार छान दिसतंय," मी म्हटलं. "दुसरीकडे कसं दिसतं?"

"दुसरीकडे म्हणजे?"

"तुमच्या फोनवर अशी किती ॲप आहेत?"

"मोजली नाहीत कधी."

"आता मोजा. मी थांबते."

तो खरंच मोजायला लागला. ती सगळी ॲप त्याने एका फोल्डरमध्ये ठेवली होती आणि फोल्डरला नाव दिलं होतं 'कौन्सिल टॅक्स', म्हणजे इकडची घरपट्टी. ते बायको कधी उघडणार नाही, याची खात्री.

"सात," तो म्हणाला, आणि लगेच घाईने, "पण ताई, प्रत्येकात लिमिट आहे. रिमाइंडर आहे. मी सातही ठिकाणी रिस्पॉन्सिबल आहे."

हे तो मनापासून बोलत होता. त्याची पद्धत अशी होती: एका ॲपने अर्ध्या तासाने 'थांबा' म्हटलं की तो थांबायचा. ते बंद करायचा आणि दुसरं उघडायचा. सात अर्ध्या तासांत एक सामना बरोबर संपतो. सातही कंपन्यांच्या कॉम्प्युटरांत तो आदर्श होता. इतर सहा कंपन्यांनीही त्याला पोस्टरसाठी विचारलं असतं तर मला नवल वाटलं नसतं.

"तुम्ही विमानात नेमकं काय करता?" मी विचारलं.

"पंख. स्ट्रेस ॲनालिसिस. पंख किती भार पेलेल ते बघतो."

"मला त्यातलं काही कळत नाही. पण एका पंखावर सात जणांनी वजन ठेवलं, प्रत्येकाने आपापल्यापुरतं नियमात, तर तुम्ही तो पंख पास करता?"

तो म्हणाला, "नाही. एकूण बघतो."

"आणि इथे?"

मग त्याने सांगितलं. लोन वगैरे काही नव्हतं. घर विकत घ्यायच्या डिपॉझिटसाठी दोघांनी पाच वर्षं साठवलेलं खातं रिकामं झालं होतं, आणि आठ महिने तो मेघनाला, म्हणजे बायकोला, बँक कागद तपासतेय असं सांगत होता. आमच्यासारख्यांचे फोन आले की 'बँकेचा आहे' म्हणायचा. मेघना फार्मसीत काम करायची. बँकेचा फोन आला म्हटलं की तिला बरं वाटायचं. गेल्या आठवड्यात ती पडदे बघून आली होती.

"पडदे?" मी म्हटलं. "अरे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

पुढे मी काय बोलले ते मला शब्दशः माहीत आहे, कारण नंतर ते मला छापील दाखवण्यात आलं. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलास, असं म्हटलं. घरच्या माणसाच्या डोळ्यांत धूळ फेकतोस, असं म्हटलं. तो मध्येच रडायला लागला. गाडीत बसून माणूस रडतो तेव्हा आवाज काचेला लागून परत येतो, आणि आपल्याला तो दोनदा ऐकू येतो.

मग मी त्याला त्या यादीचं पान उघडायला लावलं आणि तो फॉर्म भरेपर्यंत फोनवर थांबले.

"किती मुदत घातलीस?"

"एक वर्ष."

"पाच वर्षांचीही असते."

"ताई, एक."

"बरं. आणि मेघनाला आज सांग."

"आज पाहुणे येतायत जेवायला."

"मग ते जातील ना कधीतरी?"

फोन एक्केचाळीस मिनिटं चालला. पोस्टरचं विचारायचं राहून गेलं.

सोमवारी गॅरेथने मला बोलावलं आणि न विचारता बिस्किटांचा डबा पुढे केला. त्यावरून मी समजले. क्वालिटीला त्या रेकॉर्डिंगमधली पहिली सहा मिनिटं समजली होती, उरलेली पस्तीस नाही. त्यांनी ती भाषांतराला पाठवली. दोन आठवड्यांनी माझी सुनावणी झाली. टेबलाच्या एका बाजूला एचआरच्या बाई आणि कायदेविभागातला एक तरुण माणूस, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये अकरा पानांचं भाषांतर.

भाषांतरकाराने अतिशय प्रामाणिकपणे काम केलं होतं. 'तुमचं मस्तक त्याच्या जागेवर आहे का?' असं मी गिऱ्हाइकाला विचारल्याचं त्यात होतं. "हा प्रश्न वैद्यकीय होता का?" एचआरच्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, काहीसा. पुढे होतं, 'हातात आहे ते सोडून तुम्ही पळणाऱ्याच्या मागे पळत आहात.' कायद्याचा माणूस म्हणाला, "हे खेळाविषयी आहे, असं आम्ही धरून चाललो आहोत." मी ते धरू दिलं.

एकोणिसाव्या मिनिटाला भाषांतरकाराने एक टीप दिली होती. इथून बोलणारी व्यक्ती आदरार्थी रूप सोडते आणि लहान मुलं, जवळचे मित्र व देव यांच्यासाठी वापरतात ते रूप वापरू लागते. बाईंनी ती टीप मोठ्याने वाचली. मग चष्मा काढून विचारलं, "यापैकी आपलं गिऱ्हाईक कोणत्या गटात येतं?"

मी म्हटलं, "लहान मुलं."

ते लिहून घेण्यात आलं.

मला लेखी ताकीद मिळाली. ती दोन वर्षं फाइलीत राहणार होती. त्या काळात पुन्हा नियम मोडला तर नोकरी जाणार. निकाल न्याय्य होता, मी तिन्ही नियम खरंच मोडले होते. गंमत अशी की पुढच्या महिन्यात स्क्रिप्टमध्ये एक नवा प्रश्न आला: 'इतर कोणत्याही खात्यांबद्दल तुम्हाला काही सांगावंसं वाटतं का?' माझाच प्रश्न, कायदेविभागातून धुऊन इस्त्री करून आलेला. त्याला बहुतेक लोक 'नाही' म्हणायचे. पोस्टरवर शेवटी एक मॉडेल आली. तिने आयुष्यात कधी सट्टा खेळला नव्हता. म्हणजे खालचं वाक्य तरी खरं होतं.

पण ही सुनावणीची मजा मी आता सांगते आहे. तेव्हा मला झोप लागत नव्हती. एका अनोळखी घरात शनिवारी सकाळी फोन करून मी काय पेटवून दिलं, हे मला कळायला मार्ग नव्हता. त्याने सांगितलं असेल का? सांगितल्यावर ती काय म्हणाली असेल? आमच्या स्क्रीनवर त्याच्या नावापुढे 'यादीत' एवढा एक शब्द आला होता, बाकी खातं बंद. मी नवऱ्याला विचारलं, "मी बरोबर केलं का रे?" मिलिंद म्हणाला, "तुला कंपनी विचारायला पैसे देते. सांगायला नाही." हे अर्थात खरं होतं. आणि ते पैसे श्रीरंगसारख्यांकडूनच येत होते, हेही मला पहिल्या पगारापासून माहीत होतं. माणसाला बुडवणारी आणि दोर फेकणारी कंपनी एकच, आणि दोर फेकण्याच्या कामावर मी. तरी मला त्या कामाचा अभिमान होता. अजूनही आहे, थोडा.

वर्ष गेलं. पुढच्या शरद ऋतूत, एका मंगळवारी सकाळी, खालच्या चौकशीच्या टेबलावरून फोन वर आला. कोणी बाई आहेत, मराठी बोलणाऱ्या लेडीच हव्यात म्हणतायत, ऐकतच नाहीत. मी घेतला.

"नमस्कार. मी मेघना बोलतेय, ब्रिस्टलहून. मागच्या वर्षी तुम्ही श्रीरंगशी बोलला होतात."

अशा वेळी म्हणायचं एक वाक्य आम्हाला पाठ असतं. गिऱ्हाइकाच्या घरच्या माणसांशी खात्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. कंपनीच्या हिशोबात पहिला तो, दुसरी कंपनी, आणि बायको ही तिसरी, थर्ड पार्टी. ते वाक्य मी लगेच म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बोला." तेही मराठीत.

"तुम्ही काही बोलू नका. आत्ता खालच्या मुलीने मला ते थर्ड पार्टीवालं ऐकवलंय. मीच बोलते." तिचं बोलणं आधी ऐकलं होतं त्यापेक्षा खूप सावकाश झालं होतं. "त्याने मला त्याच दिवशी सांगितलं. पाहुणे गेल्यावर. भांडी पुसता पुसता. मी दुसऱ्या दिवशी लंडनला, एजवेअरला, माझ्या भावाकडे निघून गेले. तीन महिने राहिले तिथे. मग परत आले. का आले ते मला अजून नीट सांगता येत नाही. तो जुगार सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जातो, दर बुधवारी. फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवतो. घर नाही घेतलं, भाड्याच्याच घरात आहोत. पण बरं चाललं होतं."

"होतं?"

"मागच्या आठवड्यात ते एक वर्ष संपलं. आणि परवा रविवारी सहाला तो म्हणाला, जरा पाय मोकळे करून येतो. दीड तासाने आला."

मुदत संपली तरी यादीतून नाव आपोआप निघत नाही. स्वतः फोन करून ते काढून घ्यावं लागतं. हे तिला माहीत होतं. त्याने तसा फोन केला की नाही, हे तिला माहीत नव्हतं. ते माझ्या स्क्रीनवर दिसणार होतं.

"त्यालाच विचारा ना," मी म्हटलं.

"विचारलं तर तो नाही म्हणेल. खरं असलं तरी नाहीच म्हणेल, खोटं असलं तरी नाहीच. आठ महिने मी बँकेच्या फोनांवर खूश होत होते हो." मग म्हणाली, "मी असं म्हणते. त्याने नाव काढलं असेल तर तुम्ही फोन ठेवून द्या, काही न बोलता. काढलं नसेल तर तुमचं ते वाक्य म्हणा. तुम्ही मला काहीच सांगितलेलं नसेल."

मी आडनाव टाइप केलं. कोणाचं खातं उघडून बघितलं की कोणी, कधी आणि का बघितलं याची नोंद होते. 'का'च्या चौकटीत मी 'फोन आला' असं लिहिलं. श्रीरंगची ओळ समोर आली.

यादीत. अजूनही.

एवढंच दिसत होतं. परवाना नसलेली, यादी न मानणारी ॲपही जगात आहेत, ती माझ्या स्क्रीनवर येत नाहीत. रविवारचा तो दीड तास तो खरंच पायी फिरत होता का, हेही येत नाही. हे तिला सांगायला हवं होतं का, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. फोन रेकॉर्ड होत होता, माझ्या फाइलीत ताकीद होती, आणि ती माहिती त्याची होती, माझी नव्हती आणि तिचीही नव्हती. नाव निघालेलं दिसलं असतं तर मी काय केलं असतं, हे लोक मला विचारतात. मला माहीत नाही. ते मला करावं लागलं नाही.

मी घसा साफ केला आणि प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं, एकेक शब्द सुटा करून, इंग्रजीत म्हटलं, "आय ॲम सॉरी, बट आय ॲम अनेबल टू डिस्कस एनी अकाउंट विथ अ थर्ड पार्टी."

मेघना म्हणाली, "परत एकदा म्हणाल?"

मी परत म्हटलं.